वीस वेळा एकच माणूस

१२ जून

प्रिय लांबोडी,

पत्ता वर चौकोनात मोठ्या अक्षरांत लिहिलाय. तुझ्यासारख्या धांदरट मुलीला याहून मोठं लिहायचं तर बाबांकडून पाटीच रंगवून घ्यावी लागेल.

पोचलो एकदाचे. आरशाचा एक कोपरा सोडला तर सामानही धड पोचलं. दोन खोल्या आहेत, कंपनीच्या गोदामाच्या अगदी वर. खाली बर्फासारख्या गार खोल्यांत फळं साठवतात. तो गारठा फरशीतून वर येतो, त्यामुळे घरात मोजे घालून हिंडावं लागतं. आई रोज एकदा तरी म्हणते, "माझ्या भावाने शब्द टाकला म्हणून हे मिळालं. नाहीतर पाट्या रंगवणाऱ्याला आता कोण विचारतंय?" बाबा मान डोलावतात. मामांचे उपकार आहेतच. दुकानांच्या पाट्या आता यंत्रावर छापून येतात, सकाळी सांगितली की संध्याकाळी हजर. इथे बाबांना पेट्यांवर ब्रशने गावांची नावं आणि आकडे लिहायचे असतात. त्यांचा 'म' अजून तसाच आहे, पोट सुटलेल्या शेठजीसारखा.

शाळेत चित्रकलेच्या तासाला नकाशे रंगवायला देतात. समुद्र निळा, डोंगर तपकिरी. मी समुद्र हिरवा केला तर बाई म्हणाल्या, "शेवाळं आलंय का?"

शनिवारी चार वाजले की माझं लक्ष उडतं. तुम्ही सगळे चित्रकलेच्या क्लासला सायकलवाल्याच्या दुकानावरचा जिना चढत असाल. सर खिडकीत पाठ करून उभे असतील आणि ढुंकूनही न बघता म्हणत असतील, "उशीर झालाय, पण या." ते काय काय करून घेतात ते मला शब्दन् शब्द लिही. फोनवर नको. फोन एकच आहे आणि तो बाबांच्या खिशात असतो. तू मामाची मुलगी आहेस, एवढं तर करशीलच.

तुझी,
मुंगी


३ जुलै

प्रिय मुंगीबाई,

कोपरापासून नमस्कार!

क्लासमध्ये सध्या दुःखाची साथ आली आहे. सर म्हणाले, "जे कुणाला सांगता येत नाही ते काढा." झालं! चष्मिषने मोठ्या भावाचे बूट काढले. भाऊ घर सोडून गेलाय म्हणे, बूट तेवढे राहिलेत. वेणीवालीने अख्खा कागद काळा केला आणि मधे नखाएवढी खिडकी ठेवली. तिचे आईवडील वेगळे राहतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. सरांनी एक शब्द न विचारता तो कागद भिंतीवर लावला. आम्ही सगळे एका ओळीत उभं राहून तो बघत होतो. आम्ही!

मी काय काढू सांग. आमच्या घरी सगळे वेळेवर जेवतात, वेळेवर झोपतात. मी फुलदाणी काढली. चांगली झाली होती, काचेवर उजेडसुद्धा आला होता. सर म्हणाले, "फुलदाणीला काय झालंय?" सगळे हसले.

आता नवीन काम दिलंय. घरातलं एक माणूस निवडायचं आणि वीस वेळा काढायचं, त्याला कळू न देता. रोज दिसतं पण आपण कधी बघितलेलं नाही, असं माणूस. मी आईला निवडलं. तिला दुसऱ्याच दिवशी पत्ता लागला, मग ती पावडर लावून, इस्त्रीचे कपडे घालून खुर्चीत बसायला लागली. सरांनी आठ चित्रं पाहिली आणि म्हणाले, "ही पाहुणी कोण? आई अजून आलेली नाही कागदावर."

मुंगे, शाळेच्या कपाटात माझे चित्रकलेच्या बक्षिसाचे तीन कप आहेत. मला कुणी असं बोललेलं नाही कधी. बाबा म्हणतात, त्या मास्तरला काही कळत नाही. पण कळतं गं त्यांना, तीच तर पंचाईत आहे. पुढच्या वर्षी कलाशाळेच्या प्रवेशासाठी ते दोघांनाच शिफारसपत्र देणार आहेत.

तूही कर की वीस चित्रं. मला पाठव, मी सरांना दाखवते.

तुझी,
लांबोडी


२८ जुलै

प्रिय लांबोडी,

सोबत सात आहेत. पुठ्ठ्याच्या नळीत घातलीत, सांभाळून काढ. मी बाबांना निवडलं. तोंड नाही, फक्त हात.

आता एक गोष्ट सांगते, ती तुझ्यापाशीच ठेव. बाबांचा उजवा हात थरथरतो. आधी मला वाटलं, गारठ्याने. पण रविवारी उन्हात बसले तरी थरथरतो. जेवताना ते चमचा डाव्या हातात धरतात आणि उजवा मांडीखाली दाबून बसतात. पेट्यांवर लिहिताना डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरतात. मी खाली डबा द्यायला गेले तेव्हा पाहिलं. मला बघून त्यांनी ब्रश ठेवला आणि उगाच पेटी पुसायला लागले.

आईला माहीत नाही. तिला कळलं की ती काळजीने मामांना फोन करेल, आणि मामांनी तर साहेबांना सांगितलंय की आमच्या मेहुण्यांचा हात म्हणजे दगडावरची रेघ. त्या भरवशावर काम मिळालं. कंपनीला कळलं तर खोलीही जाईल आणि कामही. म्हणून ही चित्रं सरांशिवाय कुणाला दाखवू नकोस. शपथ घालते हवं तर.

सगळ्यात अवघड काय माहितीये? थरथर काढायची कशी? हात तर एकाच जागी असतो. मी आधी दोन-दोन रेघा काढून पाहिल्या, तर ते घाण दिसलं. मग नुसतं मनगट धरलेला हात काढला, इतका घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडलीत. ते पाचवं चित्र. त्यात थोडं जमलंय बहुतेक. सरांना विचार.

मुंगी


११ ऑगस्ट
(हे पत्र पाकिटात गेलं नाही. वहीतच राहिलं.)

मुंगे,

आज काय झालं ते तुला सांगायलाच हवं.

तुझी चित्रं मी माझ्याच फाइलीत ठेवली होती, दुमडू नयेत म्हणून. सरांनी फाइल मागितली. मी म्हणणार होते की सर, शेवटची सात मुंगीची आहेत. पण त्यांनी उलटीकडूनच उघडली. पाचवं चित्र वर होतं. ते बघतच राहिले. खुर्ची ओढून बसले. सर बसत नाहीत कधी, तुला माहितीये. मग म्हणाले, "हे तू काढलंस?"

मी हो म्हणाले.

का म्हणाले ते मला विचारू नकोस. त्यांचा आवाज असा होता, की मला वाटलं, एकदा तरी तो माझ्यासाठी असावा. एवढंच. मग त्यांनी सगळ्यांना बोलावलं. चष्मिष म्हणाला, "बाप रे." वेणीवालीने माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्यातली झाल्यासारखं.

शनिवारी सांगेन सरांना. शनिवारी नक्की सांगेन. आधी तुला लिहायचं आणि मग त्यांना


१४ ऑगस्ट

प्रिय मुंगी,

चित्रं मिळाली. सरांनी पाहिली. ठीक आहेत म्हणाले. हात बरे आहेत, पण अजून सराव पाहिजे. वीस म्हणजे वीस, सातावर थांबू नकोस म्हणाले.

अजून पाठव. पाचव्यासारखी पाठव.

काकांचं कुणाला सांगणार नाही. आत्याला नमस्कार. घाईत आहे.

लांबोडी


९ ऑक्टोबर

प्रिय लांबोडी,

किती तोकडं लिहिलंस! मी पत्र उलटं करून पाहिलं, मागे काही आहे का म्हणून. 'ठीक' म्हणजे काय? कसं म्हणाले, हसून की नुसतं? पाचव्याबद्दल वेगळं काही बोलले का?

सोबत बारा आहेत. म्हणजे एकोणीस झाली.

तुला गंमत सांगते. बाबांनी मला पकडलं. मी टेबलाखालून काढत होते आणि पेन्सिल घरंगळत त्यांच्या पायाशी गेली. त्यांनी उचलली, कागद मागितला. मला वाटलं, आता फाडणार. त्यांनी चित्र लांब धरलं, जवळ धरलं. मग म्हणाले, "अंगठा एवढा वाकडा आहे माझा?" मी म्हटलं, आहे. "शिडीवरून पडलो होतो, तेव्हाचा तो," म्हणाले. आणि पुढे काय केलं माहितीये? दुसऱ्या दिवशी आई बाजारात गेल्यावर आपणहून खिडकीत येऊन बसले आणि हात गुडघ्यावर ठेवला. उघडा. थरथरू दिला. मी अर्धा तास काढत होते आणि ते बाहेर बघत होते. आता हे आमचं दोघांचं ठरलेलं आहे. आईला वाटतं, आम्ही अभ्यास करतो.

काल ते म्हणाले, "तुझे ते सर सुट्टीत ठेवून घेतील का? मामांकडे राहशील महिनाभर." मला रात्रभर झोप आली नाही. लांबोडे, तू विचारशील सरांना? आणि त्या शिफारसपत्राचं? दोघांमधली एक तू असशीलच. दुसरी जागा अजून रिकामी आहे का, एवढंच विचार. भीक मागू नकोस, नुसतं विचार.

मुंगी


३० ऑक्टोबर

प्रिय मुंगी,

विचारलं. या वर्षी नाही म्हणाले. म्हणाले की तुझी रेघ अजून कच्ची आहे आणि लांबून शिकवता येत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. मलाही किती बोलतात ते.

सुट्टीत इथे येण्याचं म्हणशील तर आमच्याकडे रंगकाम निघणार आहे, सगळं घर उलटंपालटं असेल. पुढच्या वर्षी बघू.

विसावं झालं की पाठव. सर मोजतात.

लांबोडी


१७ जानेवारी

प्रिय लांबोडी,

खूप दिवस लिहिलं नाही. विसावं पाठवलं नाही, पाठवणारही नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाबा कंपनीच्या ट्रकबरोबर तुमच्या गावात माल पोचवायला आले होते. जाताना माझी नवी चित्रं वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत घेतली. "मीच भेटतो तुझ्या सरांना," म्हणाले. "मोठ्या माणसाने विचारलं की फरक पडतो." दाढी केली होती, जुने बूट पॉलिश केले होते. आईला म्हणाले, साहेबांना भेटायचंय.

दुसऱ्या दिवशी परत आले. वर्तमानपत्राची दोरीसुद्धा सुटलेली नव्हती. म्हणाले, सर भेटले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी विचारलं तर म्हणाले, "ते आपल्याला झेपणारं नाही. दहावी झाली की हाताला काम मिळेल असं काहीतरी शीक." मी म्हटलं, सर भेटलेच नाहीत तर झेपणार नाही हे कुणी सांगितलं? ते उठून खाली गेले.

म्हणजे सर भेटले असणार. आणि काहीतरी असं बोलले असणार, की ते बाबांना माझ्या तोंडावर सांगवेना. काय बोलले ते तुला माहीत असेल तर लिही. कितीही कडू असलं तरी लिही. आता बाबा खिडकीत बसत नाहीत. हात खिशात घालून हिंडतात, घरातसुद्धा.

तुमच्या घरी आले होते का ते?

मामांचा फोन आला होता. प्रदर्शनात तुझ्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं म्हणाले. आई सगळ्या मजल्याला सांगत सुटली होती. अभिनंदन. कसलं होतं चित्र?

मुंगी


२५ जानेवारी

प्रिय मुंगी,

काका आमच्याकडे आले नव्हते. सरांना भेटले असतील तर मला माहीत नाही. सर तुझ्याबद्दल वाईट असं काही बोलत नाहीत. फारसं काहीच बोलत नाहीत खरं तर. काका म्हणतात त्यातही अर्थ आहे गं. चित्रांवर कुणाचं पोट भरतंय?

चित्र विशेष काही नव्हतं. एक म्हातारा होता.

लांबोडी


८ फेब्रुवारी

लांबोडी,

पत्र मिळालं. कळलं. रंगांचा डबा खालच्या हिशेबनीस बाईंच्या मुलीला दिला, तिला नकाशे भरायला लागतात.

मुंगी


चार वर्षांनंतर
४ मार्च

मुंगी,

आता तुला या नावाने हाक मारायचा हक्क मला आहे की नाही, माहीत नाही. काका गेले तेव्हा मी आले होते. दारातच उभी राहिले. तू माझ्यासमोर पाण्याचा ग्लास धरलास आणि मला तोही घेता आला नाही. सगळ्यांना वाटलं, किती जीव आहे पोरीचा. घरी आल्यापासून तीन महिने हे पत्र लिहिते आहे आणि फाडते आहे.

ते बक्षीस तुझ्या पाचव्या चित्राला मिळालं होतं. मनगट धरलेल्या हाताला. खाली नाव माझं होतं. शिफारसपत्रही तुझ्याच चित्रांवर मिळालं. सरांनी तुझ्याबद्दल कधीच काही वाईट म्हटलं नाही, कारण त्यांना तू काढत होतीस हेच माहीत नव्हतं. 'ठीक' मी म्हटलं. 'रेघ कच्ची आहे' तेही मीच म्हटलं. सुरुवात एका 'हो'ने झाली. सरांनी विचारलं, हे तू काढलंस का, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. पुढचं सगळं मात्र तोंडून निघून गेलेलं नाही. ते मी समजून उमजून केलं.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. काका आले होते, मुंगी. आमच्या घरी नव्हे, क्लासच्याच इमारतीत भरलेल्या प्रदर्शनात.

हॉलमध्ये गर्दी होती. काका दारातून आत आले, काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी, सरांना शोधत होते. आणि चित्रासमोर थबकले. मी पाच हातांवर होते. त्यांनी चित्र पाहिलं, मग खालचं नाव वाचलं, मग पुन्हा चित्र. तेवढ्यात बाबांनी त्यांना बघितलं. "अरे वा, मेहुणे! कधी आलात? हे बघा, आमच्या पोरीचं पहिलं बक्षीस! कुणी आजारी म्हातारा दिसतोय. हात बघा, नुसतं बघितलं तरी थरथरल्यासारखे वाटतात की नाही?"

काकांनी दोन्ही हात खिशात घातले. म्हणाले, "हो. वाटतात खरे."

बाबा सरांना बोलवायला वळले आणि काका बाहेर पडले. मी मागे धावले. जिन्यात त्यांना गाठलं. म्हटलं, "काका, मी आत्ताच्या आत्ता सरांना सांगते." हे मी म्हणाले, पण हळूच म्हणाले. त्यांनी नको म्हणावं म्हणूनच म्हणाले.

ते म्हणाले, "काय सांगशील? हात कुणाचे आहेत ते? तुझे बाबा आत उभे आहेत."

मग ते म्हणाले, "मी आलो होतो हे मुंगीला सांगू नकोस. कधीच." आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले. खाली सायकलवाल्याशी दोन शब्द बोलले, जुनी ओळख होती. चिडले नाहीत. एखादी थप्पड मारली असती तर बरं झालं असतं.

कलाशाळेत माझं पितळ पहिल्याच महिन्यात उघडं पडलं, पण कुणी तसं म्हणालं नाही. एका मास्तरांनी फक्त विचारलं, "ती हातांची चित्रं काढलीस तेव्हा तुझ्या घरी काय चाललं होतं?" आता पडद्यांच्या कापडावरची नक्षी काढते. फुलं, वेली. ते बरं जमतं मला. या वर्षी शाळा सोडून द्यावी म्हणते. माझी नव्हतीच ती जागा.

सोबतच्या नळीत नऊ चित्रं आहेत. बाकीची इकडेतिकडे झाली. पहिल्या बक्षिसाचं प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेने ठेवून घेतलं होतं. जाऊन विचारलं, तर कपाटात सापडत नाही म्हणाले. नऊंवरही माझी सही आहे. खोडायला घेतली, पण कागद फाटायला लागला.

माफी मागत नाही. मागण्यासारखं राहिलेलं नाही. पण सांगून टाकलं. आज कित्येक दिवसांनी झोप लागेल असं वाटतंय.

लांबोडी


२० मार्च

लांबोडी,

झोप लागली का?

मला पत्र कामावर मिळालं. मी दातांच्या लॅबमध्ये असते, हे तुला आईकडून कळलं असेलच. कवळ्या बनवतो आम्ही. मेणात एकेक दात बसवायचा, हिरडी कोरायची, मग साचा. माझा हात चांगला आहे म्हणतात सगळे. तुझं पत्र वाचलं आणि तशीच कामाला बसले. एका आजोबांची खालची कवळी संध्याकाळपर्यंत द्यायची होती, ती दिली.

तुला वाटत असेल, मी चित्रांसाठी रडले. नाही. चित्रांचं मला थोडंफार माहीत होतं, असंही म्हणता येईल. 'एक म्हातारा होता' हे वाचलं होतं तेव्हाच आत कुठेतरी खट् झालं होतं. मीच ते दाबून टाकलं, कारण माझी म्हणावी अशी तू एकच होतीस.

पण बाबांचं मला माहीत नव्हतं.

चार वर्षं मला वाटत होतं, सर जे बोलले त्यावर बाबांनी विश्वास ठेवला. त्यांनी माझी चित्रं बघितली, एका परक्या माणसाचं ऐकलं आणि मला टाकून दिलं. मी त्यांच्याशी धड बोलले नाही, लांबोडी. कामापुरतं बोलायचे. शेवटच्या वर्षी त्यांना शर्टाची बटणं लावता येत नव्हती. एकदा सकाळी आई खाली गेली होती, तेव्हा त्यांनी मला हाक मारली. बटण लाव म्हणाले. मी केस विंचरत होते. म्हटलं, आईला येऊ द्या. ते उघड्या शर्टाने खाटेवर बसून राहिले. असे कितीतरी दिवस आहेत. एक सांगितला.

आणि तेव्हा त्यांच्या पोटात हे होतं! मनात आणलं असतं तर एका वाक्यात मला सगळं सांगून मोकळे झाले असते. मग मी तुझं नाव टाकलं असतं आणि त्यांना जवळ केलं असतं. पण मी मामांकडे धावले असते, आकांडतांडव केलं असतं, हे हात माझ्या बाबांचे आहेत म्हणून ओरडले असते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून गप्प राहिले. कामासाठी की माझ्यासाठी? की मामाच्या मुलीशी माझं तुटू नये म्हणून? आता कुणाला विचारू?

अजून एक ऐक. पुढच्याच वर्षी कंपनीला थरथर कळली. कळणारच होती. साहेबांनी बोलावलं, "आधी का नाही सांगितलंत?" म्हणाले, आणि त्यांना पेट्या मोजायला बसवलं. बस्स. काम गेलं नाही, खोली गेली नाही. ज्याला आम्ही एवढे घाबरलो होतो ते झालंच नाही.

बाबांनी तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, मला सांगू नकोस म्हणून. ते जिवंत असेपर्यंत तू ती पाळलीस, कारण त्यात तुझी सोय होती. ते गेल्यावर मोडलीस, कारण त्यातही तुझीच सोय होती. उलटं केलं असतंस तर मला वडील मिळाले असते. आणि आता सांगितलं नसतंस, तर निदान रागावण्यापुरते तरी राहिले असते.

शाळा सोडू नकोस. माझ्या नावावर तर मुळीच सोडू नकोस. तू नक्षी काढ नाहीतर चुलीत घाल, ती जागा काही माझ्याकडे परत येत नाही.

नळी मी आईसमोरच उघडली. लपवायला हवी होती, पण डोकं चाललं नाही. तिने एकेक कागद खाटेवर मांडला. नऊच्या नऊ. मग खाली बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. इतकं ती बाबा गेले तेव्हाही रडली नव्हती. म्हणाली, "हे बघ, अंगठा कसा वाकडा काढलाय, अगदी तस्साच! तिकडे असताना येता-जाता घरी डोकवायची, तेवढ्यात किती बघितलं गं माझ्या भाचीने ह्यांना. आपण घरात राहून नाही बघितलं." तुझ्या सहीवरून बोट फिरवलं तिने.

मी तोंड उघडलं होतं. पण ही नवी खोलीही मामांनीच शोधून दिली आहे, आणि आई दर रविवारी त्यांच्या फोनची वाट बघते. तिला आता या जगात भाऊ आहे आणि मी आहे. त्यातला एक मी काढून घेऊ?

त्यातलं एक चित्र तिने फ्रेम करून आणायला सांगितलं. मी आणलं. भिंतीवर खिळा मीच ठोकला. ती मागे उभी राहून सांगत होती, जरा डावीकडे, अजून थोडं वर. तिच्या खाटेवरून नीट दिसेल असं लावलंय. तुझं नावही दिसतं.

येत्या रविवारी ती तुला आभार मानायला फोन करणार आहे. उचल. ती रडेल, रडू दे. तिला वाटतंय तेच वाटू दे. यापुढे मला पत्र लिहू नकोस.

मुंगी